तिच्या पावलाला माझा ताल

३ सप्टेंबर

हिचा डावा पाय आज पुन्हा मुरगळला. पोस्टातून बाहेर पडताना, पदपथाच्या कडेवर. कड केवढी, तर पाठ्यपुस्तकाच्या जाडीएवढी. मी दोन पावलं पुढे होतो. आकाशात एक ढग हुबेहूब बदकासारखा दिसत होता, तो हिला दाखवायला वळलो तर ही खाली बसलेली. टपाल टाकायला आलेल्या एका बाईने हिला हात दिला. मी त्या बाईला सांगितलं, की आमची ही लग्नाआधी हरिणीसारखी पळायची, आता कासवाने शर्यत जिंकली आहे. बाई हसली नाही. हीसुद्धा हसली नाही, पण दुखण्यात माणसाची रसिकता जातेच.

घरी येईपर्यंत हिचा दंड सोडला नाही. संध्याकाळी पाहिलं तर तिथे माझी चार बोटं उमटलेली. किती जपून धरतो मी हिला, त्याची आणखी पावती काय हवी.

५ सप्टेंबर

हिच्या थोरल्या बहिणीचा फोन. गेल्या वर्षी नवरा गेल्यापासून ती बटणांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. दोघी बहिणींनी उमेदीची वर्षं नाटकमंडळीच्या कपडेपटात शिवणकामात घालवली. आता तिच्या डोक्यात आलंय की पुढच्या मोठ्या खोलीत दोन मशीन टाकायची, नाटकवाल्यांचे कपडे दुरुस्तीला घ्यायचे आणि हिवाळ्यापासून पुढचे सहा महिने हिला तिकडे न्यायचं.

बाई जिभेची तिखट. म्हणाली, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला माझा जिना कुणाचा हात न धरता, कठडाही न धरता चढून-उतरून दाखव. गेल्या हिवाळ्यात ह्याच जिन्यावर तू लोळण घेतलीस, मी विसरलेले नाही. जमलं तर खोली तुझी, नाहीतर नवऱ्याची पुतणी केव्हाची मागते आहे तिला देऊन टाकते. मला जोडीदारीण हवी आहे, रोगी नको.

फोन ठेवल्यावर हिचा चेहरा उजळला होता. इतका उजळलेला मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. मला काळजी वाटते ती हिचीच. माझं काय, मी चहा करून घेईन. फक्त साखरेचा डबा कुठे असतो ते विचारून ठेवायला हवं.

९ सप्टेंबर

मुलीने हिला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. मीही गेलो. बाई तिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या, मला ‘काका’ म्हणाल्या. सगळं आयुष्य ‘सर’ ऐकलेल्या कानांना ते खटकलं, पण असो.

घोट्याकडे त्यांनी पाहिलं न पाहिलं आणि थेट खुब्याकडे वळल्या. खुब्याच्या कडेला आणि नडगीवर नाण्याएवढ्या चिकट चकत्या लावल्या, त्यांना वायरी जोडल्या, समोरच्या पडद्यावर रेघा धावू लागल्या. हिला म्हणाल्या, चार पावलं चाला, मग डाव्या पायावर उभ्या राहा. मला राहवलं नाही. म्हटलं, बाई, हे म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

त्यांनी न चिडता समजावलं. पाऊल जमिनीला टेकायच्या आधीच खुब्याच्या कडेचा स्नायू जागा व्हावा लागतो. तो वेळेवर जागा झाला तर कंबर एका बाजूला कलत नाही, गुडघा आत पडत नाही, पाऊल सरळ पडतं. हिचा तो स्नायू उशिरा जागा होतो, तोवर पाऊल वेडंवाकडं टेकलेलं असतं आणि तोल सावरायचं सगळं ओझं घोट्यावर येतं. तो मुरगळला की माणूस त्या पायावर भार टाकायचं टाळतो, मग खुबा आणखी सुस्तावतो आणि पाय पुन्हा मुरगळतो. सगळ्यांचं असं असतंच असं नाही, पण हिचं आहे. रेघ समोर दिसते आहे.

“काकू, घोटा बिचारा शेवटचा. वरच्याने केलेली चूक तो निस्तरतो.”

ही म्हणाली, “ओळखीचं वाटतंय.”

मुलगी खो खो हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी बाईंचं नाव खुबाबाई ठेवलं आहे, अर्थात मनातल्या मनात.

१४ सप्टेंबर

व्यायाम सुरू. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा. दोन्ही गुडघ्यांवर लाल रबरी पट्टा चढवून आडवं चालायचं. मग भिंतीशी एका पायावर उभं राहायचं. खुबाबाईंनी सांगितलं होतं, सावकाश आकडे मोजा. मोजायचं काम मी घेतलं. खुर्ची ओढून समोर बसलो. ही म्हणाली, उंटावरून शेळ्या हाका आता.

पण आकडे म्हणजे अगदीच कोरडं काम. मला माझा वर्ग आठवला. खिडकीतून येणारं तिरपं ऊन, त्यात तरंगणारी खडूची धूळ, आणि चाळीस गळ्यांतून एकदम उठणारी कविता. वर्गात एक मुलगी होती, साधं नाव सांगताना अडखळायची, पण बाकावर टाळी देत कविता म्हणायला लागली की झुळझुळ वाहायची. मी वर्ग सोडला की पुन्हा अडखळायची, असं गणिताचे सर कुरकुरत. कवितेचं सामर्थ्य गणिताला काय कळणार.

म्हणून हिच्यासाठी बसल्या बैठकीत चार ओळी रचल्या :

हळू टाक ग पाऊल पुढचे,
वाट ओळखिल तुझिया पाया;
ऊन उतरता तुझ्या कडेला
ओंजळीत मी धरीन छाया.

पहिल्या ओळीला पाय वर, दुसरीला धरून ठेवायचा, तिसरीला खाली, चौथीला विसावा. आणि काय सांगू, कालपर्यंत भिंत सोडली की डुगडुगणारी ही आज माझ्या ओळींवर खांबासारखी उभी राहिली. मी तिला म्हटलं, बघ, तुझा खुबा रसिक निघाला.

१५ सप्टेंबर

आजही उत्तम. चौथ्या ओळीला हिने डोळे मिटले होते. म्हणाली थकून मिटले.

२३ सप्टेंबर

खुबाबाईंकडे पुन्हा वायरी. ही एकटीने उभी राहिली तर रेघ तश्शीच आळशी. मी म्हटलं, थांबा, मी म्हणतो. कविता सुरू झाली आणि पडद्यावरची रेघ ऐन वेळेला उसळली, अगदी मात्रेवर. बाई पुढे वाकून पाहू लागल्या. मला वर्गतपासनीस आल्याचा जुना आनंद झाला. दुसऱ्या फेरीला मध्येच माझा घसा बसला, मी खाकरायला थांबलो, तर रेघ एकदम आडवी झाली आणि हिने बाजूची दांडी पकडली म्हणून बरं.

बाईंनी पुन्हा तेच करायला लावलं. मी मुद्दाम मध्येच थांबलो, हिला पुन्हा दांडी धरावी लागली. बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “काका, हे आजपासून बंद. त्यांचा स्नायू तुमच्या आवाजाची वाट बघायला शिकतोय. आवाज थांबला की तो आधीपेक्षाही उशिरा उठतोय. कधी जिन्यावर असं झालं तर हाड मोडेल.”

म्हणजे इतक्या दिवसांच्या माझ्या सेवेला हे फळ. येताना ही चालता चालता गुणगुणत होती, आणि ते गाणं माझं नव्हतं.

२४ सप्टेंबर

ही म्हणते, व्यायामाच्या वेळी तुम्ही बागेत जाऊन बसा. बागेतल्या बाकावर एक तास बसलो. समोरच्या झाडाची पानं गळत होती. पानांना गळायला कुणी सांगत नाही आणि थांबवतही नाही. घरी आलो तर दार लोटलेलं. आत हिच्या पावलांचा आवाज. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून चार ओळी म्हटल्या. हळू नाही, चांगल्या वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जातील अशा. आत काहीतरी धडकलं. दार उघडून पाहिलं तर ही टेबलाला धरून उभी, ओठ पांढरे. मी म्हटलं, बघ, मी नसलो की काय होतं.

३० सप्टेंबर

लाल पट्टा सापडत नाही म्हणून सकाळपासून शोधाशोध. दुपारी आठवलं : परवा मी जुन्या मासिकांचा गठ्ठा वाचनालयाला दिला, तो बांधायला दोरी मिळेना, हाताला रबरी काहीतरी लागलं. मी तसं सांगितलं. हिने शिवणाचा डबा काढला, कमरपट्ट्याला लावतात ते रुंद इलॅस्टिक दुहेरी घेतलं, मशीनवर आडवीतिडवी शिवण घातली आणि ओढून पाहिलं. पहिल्या पट्ट्यापेक्षा चिवट झाला. हात अजून तसाच चालतो हिचा. मी कौतुक केलं.

ती म्हणाली, “आता हा मी उशीखाली ठेवणार आहे.”

मुलांनी आवडती पेन्सिल उशाशी घेऊन झोपावं तसं. म्हातारपणी माणूस पुन्हा लहान होतं, ते असं.

९ ऑक्टोबर

मुलगी आली होती. आल्या आल्या मायलेकी आतल्या खोलीत. मी चहा घेऊन गेलो (साखरेऐवजी मीठ पडलं, पण केला मी) तर पलंगावर मोठी ट्रंक उघडी. हिवाळ्याचे कपडे समजू शकतो, पण हिने उन्हाळ्याचे सुती कपडेही घातले होते. शिवाय कापडकामाची मोठी कात्री, चष्म्याची जुनी घरं, तिच्या आईचा फोटो, उन्हाची टोपीसुद्धा. मी हसून म्हटलं, अगं सहा महिन्यांसाठी चालली आहेस, उन्हाळ्यात तर परत येशील. मुलीने ट्रंकेचं झाकण लावलं. विसरभोळेपणा वाढलाय हिचा, मुलीला बाजूला घेऊन सांगायला हवं.

जाताना मुलगी दारात म्हणाली, “बाबा, आईला एकदा तरी नुसतं चालू द्या ना.”

मी कुठे अडवलं होतं?

१७ ऑक्टोबर

पालथ्या घड्यावर पाणी म्हणत होतो, पण खुबाबाईंची मात्रा लागू पडलेली दिसते. आज त्यांनी वायरी लावल्या, मला बाहेर बसवलं. काचेतून दिसत होतं. ही उंच फळीवरून खाली उतरली, पुन्हा चढली, पुन्हा उतरली. रेघ प्रत्येक वेळी पाऊल टेकायच्या आधी उठत होती. खुबाबाईंनी टाळी वाजवली. ही हसली, काचेकडे पाहिलं, आणि हसू आवरलं.

आमच्या इमारतीचा जिनाही ही आता एकटी चढते-उतरते. माझा हात पुढे आला की अंग चोरते. संध्याकाळी मी खिडकीशी बसलो. रिकाम्या खोलीत रिकामी खुर्ची कशी दिसेल ह्यावर दोन ओळी सुचल्या, तिसरीला डोळे भरून आले. हिला वाचून दाखवल्या. ही इलॅस्टिक ओढत आडवी चालत होती, चालतच राहिली.

२० ऑक्टोबर

कर्तव्य म्हणून थोरलीला फोन केला. सांगितलं की ही सांगत नाही, पण पाय अजून मुरगळतो, गेल्याच आठवड्यात टेबलावर आपटली. तारीख मागची होती, पण घटना खरी. मला वाटलं ती मन मोठं करून म्हणेल, मग राहू दे. तर ती म्हणाली, मास्तर, मी डोळ्यांनी बघेन.

१ नोव्हेंबर

जे घडलं ते लिहून ठेवतो.

सकाळी आम्ही तिघं थोरलीकडे गेलो. बटणांच्या दुकानाशेजारून जिना वर जातो. दगडी पायऱ्या, मधोमध झिजून वाटीसारख्या खोलगट झालेल्या. थोरली वर दारात खुर्ची टाकून बसली होती. मुलगी खाली थांबली. मी म्हटलं, मी हिच्या मागे दोन पायऱ्या राहतो, पडली तर झेलायला. मुलगी नको म्हणत होती, पण नवऱ्याचा एवढा तरी हक्क असतो.

ही चढली. कठड्याला बोट लावलं नाही. तिन्ही मजले एका लयीत, आणि ती लय मला ओळखीची नव्हती. वर पोचल्यावर थोरलीने पुढच्या खोलीचं दार उघडून दाखवलं. खिडकीत दोन मशीन समोरासमोर. एकापुढे हिच्यासाठी नवीन गादीची खुर्ची. ही खुर्चीवर बसली नाही, पाठीवरून नुसता हात फिरवला. म्हणाली, उतरून येते, मग बसते.

उतरणंच खरं अवघड, हे खुबाबाई सांगायच्या. उतरताना सगळा भार एका पायावर येतो आणि तो पाय धरून ठेवायचं काम खुब्याचं. ही पहिला मजला उतरली. मी मागे. थोरली वरून वाकून बघत होती. दुसरा मजला निम्मा झाला. हिची पाठ सरळ होती, मान ताठ होती, लग्नाआधी होती तशी. मला भरून आलं. इतकं भरून आलं की ओठांवर आपोआप आलं : हळू टाक ग पाऊल पुढचे.

हिची मान हलली. पाऊल क्षणभर हवेत थांबलं, मग ओळीवर पडलं. दुसऱ्या ओळीला दुसरं पाऊल. “अहो, नका,” असं ही म्हणाली, पण पाय माझ्या ओळींवरच पडत होते, आणि मला वाटलं, बघा, शेवटी मीच. तिसरी ओळ म्हटली. पाऊल उचललं गेलं.

आणि चौथी ओळ मला आठवली नाही.

चाळीस वर्षं पुस्तक न उघडता शिकवलं. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं. मी तोंड उघडं ठेवून उभा होतो. पाऊल खाली आलं, घोटा बाहेर वळला, आणि ही डाव्या अंगावर सात-आठ पायऱ्या गेली. झेलायला मी मागे होतो, ही पुढे पडली.

डावा खुबा मोडला.

३ नोव्हेंबर

शस्त्रक्रिया झाली. धातूची पट्टी आणि खिळे. डॉक्टर म्हणतात, ह्या वयात पुन्हा कितपत चालतील ते आत्ता सांगता येत नाही.

थोरली बाहेरच्या बाकावर होती. मुलगी माझ्याशी बोलत नाही, म्हणून मी थोरलीशेजारी जाऊन बसलो. तिने विचारलं, “मास्तर, तुम्हाला ओळ आठवली नाही?”

एवढ्या दुःखातही तिला कवितेची विचारपूस करावीशी वाटली, ह्याने मन हळवं झालं. मी तिला चारही ओळी म्हणून दाखवल्या. शेवटची दोनदा. तिने शेवटपर्यंत ऐकलं, माझ्याकडे पाहत. मग उठली आणि काही न बोलता निघून गेली. कविता पोचली की माणूस बोलत नाही, हा अनुभव मी वर्गातही घेतलेला आहे.

१२ नोव्हेंबर

घरी आलो. खोली पुतणीला गेली, असं मुलीने हिला सांगितलं. मला वाटलं ही रडेल, मी रुमाल काढून तयार होतो. ही छताकडे बघत होती. मी म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे ना, आता कुठेच जायचं नाही. हिने डोळे मिटले.

चहाला मीच उठतो. आता हिला सगळं माझ्या हातून घ्यावं लागतं, पाणी, औषध, कूस बदलणं. म्हातारपण असं एकमेकांच्या ओंजळीतून प्यायचं असतं. परमेश्वराने वेगळ्या वाटेने का होईना, हे सुख दिलं.

१९ नोव्हेंबर

हिने माझ्याशी बोलणं जवळजवळ सोडलं आहे. हो, नाही, काही नाही, एवढंच. अशक्तपणा फार.

२५ नोव्हेंबर

खुबाबाई घरी येऊन गेल्या. माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाही, कामाची घाई असेल. हिच्याजवळ बसून हळू आवाजात बराच वेळ बोलल्या. मला एवढंच ऐकू आलं, की आता पुन्हा अगदी पहिल्यापासून. पाय हलवायचा नाही, उचलायचा नाही. पडल्या पडल्या खुब्याचा स्नायू आतल्या आत आवळायचा, धरायचा, सोडायचा. दिवसातून वाटेल तितक्या वेळा. “बाहेरून कुणाला काही दिसत नाही,” असं खुबाबाई म्हणाल्या, आणि ही कितीतरी दिवसांनी हसली. काय हसण्यासारखं होतं कुणास ठाऊक.

तेव्हापासून मी पलंगाशी बसून आहे. म्हटलं, मोजायला कुणीतरी हवंच. चादर ताणलेली, हिचा चेहरा भिंतीकडे, श्वास संथ. तासाभराने विचारलं, “करते आहेस का गं?”

“नाही,” ही म्हणाली.

कपाळावर घाम होता, तो मी पुसला. खोलीत उकाडा नाही, पण दुखण्यात येतो घाम. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. बरंच झालं, नसती दगदग कशाला. दिवसभर नुसती स्वस्थ पडून आहे.